काढून टाका

आमच्या थोरल्या जाऊबाई पाट्या रंगवत. दुकानांच्या, शाळांच्या, दवाखान्यांच्या, आणि कुणी सांगितलं तर गाड्यांच्या मागचे नंबरसुद्धा. खरं म्हणजे धंदा भाऊजींचा, त्यांच्या नवऱ्याचा. पण लग्नानंतर थोड्याच वर्षांत भाऊजींचा हात कापायला लागला. अक्षर काढायला गेले की 'क'च्या पोटात वळवळ सुरू. तेव्हापासून ब्रश जाऊबाईंच्या हातात गेला, आणि पाटीच्या कोपऱ्यातली बारीक सही मात्र भाऊजींचीच राहिली. तीही जाऊबाईच करत. "हात तिचा, नाव माझं, संसार दोघांचा," असं भाऊजी आल्यागेल्याला सांगत आणि स्वतःच हसत. जाऊबाई हसत नसत, रागावतही नसत. ब्रश रॉकेलमध्ये बुडवून पिळत बसलेल्या असत.

मी त्यांची धाकटी जाऊ. बायकांच्या दवाखान्यात, जिथे बाळंतपणं होतात तिथे, केसपेपरच्या खिडकीत नोकरीला होते. दवाखान्यातल्या सगळ्या पाट्या जाऊबाईंच्या हातच्या. 'शांतता राखा', 'चपला येथे काढा', 'पुरुषांनी पुढे जाऊ नये'. तिथे सगळे त्यांना पेंटरबाई म्हणत.

दवाखाना जुना. त्याचा मोठा वाढदिवस यायचा होता. सभागृहात संस्थापकांच्या तसबिरी होत्या, सगळे पुरुष, सगळे मिशीवाले. दवाखान्याच्या प्रमुख डॉक्टरीण, आम्ही त्यांना मोठ्या बाई म्हणायचो, त्यांच्या मनात आलं की हा दवाखाना बायकांचा, तर ज्या बायकांनी तो चालवला त्याही भिंतीवर दिसाव्यात. त्यांनी पेंटरबाईंना बोलावलं आणि माझ्या खिडकीसमोरची लांब भिंत दाखवली. सहा बायका ठरल्या. वरच्या रांगेत पहिली डॉक्टरीण, पहिली मेट्रन, आणि जिने आपलं राहतं घर दवाखान्याला देऊन टाकलं ती विधवा बाई. खालच्या रांगेत सुईण, धोबीण आणि आया.

"फोटो द्या," जाऊबाई म्हणाल्या.

फोटो फक्त डॉक्टरीणबाईंचा होता. बाकीच्यांचं काहीच नव्हतं. दवाखान्याचा जुना ग्रुपफोटो होता त्यात आया दिसतच नव्हत्या, कारण फोटोच्या वेळी बाळं रडू नयेत म्हणून त्यांना आत पाठवायचे. एका कडेला दाराच्या आडून कुणाचा तरी कोपर तेवढा आला होता.

मग जाऊबाई म्हाताऱ्या माणसांकडे जाऊन बसू लागल्या. जुनी आया, जुना वॉचमन, मेट्रनची भाची. चेहरा कसा होता असं त्या विचारत नसत. म्हणत, "चेहरा कसा होता विचारलं की माणूस 'चांगला होता' म्हणतो. त्याचं काय काढू?" त्या विचारायच्या, बाई चिडली की काय करायची? झोप आवरत नसली की कशी बसायची? त्यावरून कपाळ ठरायचं, त्यावरून ओठ. घरी येऊन पोळपाटावर कागद ठेवून त्या मेट्रन काढत बसायच्या आणि इकडे दूध उतू जायचं.

सासूबाई गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या. "जिवंत सासूला चहा वेळेवर मिळत नाही," त्या ऐकवायच्या, "आणि मेलेल्या बायकांची तोंडं रंगवतायत. मी मेले की माझंही काढशील ना गं? काढताना मिशी नको काढूस म्हणजे झालं."

"तुमचं तोंड पाठ आहे, सासूबाई," जाऊबाई म्हणायच्या. "विचारायला कुठे जावं लागणार नाही."

पण एक गोष्ट त्यांनी दवाखान्यात कुणालाच सांगितली नव्हती. घरात फक्त मला माहीत होती. खालच्या रांगेतली आया म्हणजे त्यांची आई.

साथ आली होती तेव्हाची गोष्ट. डॉक्टर रजेवर गेले, नर्सेस गावाला गेल्या, आयांना जायला जागा नव्हती. जाऊबाईंची आई वॉर्डातच राहिली. जिवंत बाळं आईपाशी आणि मेलेली मागच्या दाराने, असं तिचं काम. शेवटी तीही गेली. तेव्हा जाऊबाई इतक्या लहान होत्या की आई गेली म्हणजे काय हे त्यांना दुसऱ्या दिवशी कळलं, दवाखान्याचा माणूस दारात आला तेव्हा. तो म्हणाला, आयाचा एप्रन दवाखान्याचा आहे, परत करा. घरात मोठं कुणी नव्हतं. जाऊबाईंनी एप्रन घडी घालून स्वतः नेऊन दिला. घेणारीने तो उलगडून डाग बघितले आणि म्हणाली, "धुऊन आणायचा असतो."

आईचा फोटो नाही. तिला ओळखणारी ती जुनी आया एकटीच उरली होती, तिलाही आता धड आठवत नव्हतं. जाऊबाईंच्या स्वतःच्या डोळ्यांसमोर आई यायची ती पाठमोरी. "धाकटे, मान येते, खांदे येतात, डोक्याला बांधलेलं फडकं येतं," त्या मला म्हणाल्या होत्या. "तोंड फिरवतच नाही. पण भिंतीवर काढायला लागले ना, की फिरवेल. मला माहीत आहे. ब्रश लागला की माणसं वळतात. एकदा वळली की बास, मग ती कुठे जात नाही."

म्हणून त्यांना ती भिंत हवी होती. बाकीच्या पाच जणींवर त्यांनी जीव टाकला तो खराच, पण सगळा डोलारा त्या एकीसाठी होता.

वरच्या तिघी झाल्या. मेट्रन तर अशी उतरली की वॉचमन तिच्यासमोरून जाताना विडी लपवायचा. मग कमिटीची बैठक झाली आणि काम अडलं. सभासदांचं म्हणणं पडलं की वरच्या ठीक आहेत, पण आया-धोबिणी कशाला? पाहुणे काय म्हणतील? मोठ्या बाई म्हणाल्या, "अध्यक्षांना विचारून सांगते." खालच्या तिघींचे खडूने काढलेले नुसते आकार भिंतीवर तसेच राहिले. डोकं, खांदे, आत कोरं. जाऊबाई रोज येत, माझ्या खिडकीत डोकावत. "काही कळलं?" मी मान हलवायची. दहा जणांच्या हातात दहा फोन असण्याचा तो काळ नव्हता. दवाखान्यात एक फोन, तोही भिंतीला टांगलेला, आणि अध्यक्ष त्यावर कधी सापडत नसत.

समारंभ तोंडावर आला तेव्हा अध्यक्ष स्वतः पाहणीला आले. मोठा माणूस, पण बोलायला मऊ. कुणाला कधी अरेतुरे केलं नाही. मागे हेडक्लार्क. जाऊबाई मेट्रनच्या कॉलरवर शेवटचा हात फिरवत होत्या, त्या शिडीवरून उतरल्या.

भिंतीसमोर थांबून अध्यक्षांनी काठी खालच्या रांगेकडे केली. "ह्या तिघी अजून अशाच?"

"साहेब, तुमच्या शब्दासाठी थांबलेय."

"त्यात शब्द कसला? काढून टाका. चार दिवसांवर पाहुणे आलेत. भिंत अशी अर्धवट दिसता कामा नये."

जाऊबाईंचा चेहरा मला खिडकीतून दिसत होता. सकाळी खिडकी उघडली की आत उजेड येतो ना, तसा तो झाला.

"तिन्ही काढू, साहेब?"

"तिन्ही. आणि उद्याच्या आत. होईल ना?"

"होईल! का नाही होणार?"

"छान," अध्यक्ष म्हणाले आणि पुढे गेले.

मी सगळं माझ्या कानांनी ऐकलं. मीही तेच समजले जे जाऊबाई समजल्या. चित्र काढणाऱ्या बाईला कुणी काढा म्हटलं तर ती दुसरं काय समजणार?

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी जाऊबाई जेवायला घरी गेल्या नाहीत. सुईण झाली, धोबीण झाली. मी मधूनमधून बघत होते. बाळंतपणाच्या कळा सुरू झालेल्या बायकांना आमच्याकडे त्या बोळातून फेऱ्या मारायला लावत. त्या भिंतीला हात टेकायला जायच्या आणि जाऊबाई ओरडायच्या, "ओला आहे गं रंग, इकडे धर, माझा खांदा धर."

दुपार कलली तेव्हा खिडकीसमोरची रांग संपली. मी मान वर केली. जाऊबाई खाली बसून रंगवत होत्या. भिंतीवरून एक बाई माझ्याकडे बघत होती.

देखणी नव्हती. रागावलेली होती. लेकीचे केस विंचरताना गुंता निघत नसला की आई जशी रागावते, हाताने मऊ आणि तोंडाने कडक, तशी. ओठ किंचित उघडे, आता काहीतरी बोलणार असे. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं.

"आली गं, धाकटे," जाऊबाई मागे न वळता म्हणाल्या. "वळली."

फेऱ्या मारणारी एक पोरगी थांबून म्हणाली, "बाई, ही चिडलीय का?"

"चिडलेलीच असायची," जाऊबाई म्हणाल्या, आणि हसल्या. तोंडावर हात न धरता हसताना मी त्यांना तेवढं एकदाच पाहिलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी अध्यक्ष आले. बरोबर हेडक्लार्क, मोठ्या बाई, आणि भिंतीला चुना मारायला बोलावलेला मुकादम, त्याच्या हातात बादली. जाऊबाई धुतलेले कपडे घालून आधीच येऊन उभ्या होत्या.

अध्यक्ष भिंतीकडे बघत राहिले. "हे काय? मी काढून टाका म्हटलं होतं."

"काढली ना, साहेब. तिन्ही काढली."

क्षणभर कुणाच्या लक्षात येईना. मग हेडक्लार्कच्या आलं. तो असा हसला की त्याला भिंतीला टेकावं लागलं. "अहो पेंटरबाई! काढून टाका म्हणजे पुसा! तुम्ही काढत बसलात?" मग त्याने 'चपला येथे काढा'च्या पाटीकडे बोट केलं. "नशीब, तिथे चपला नाही काढल्यात!"

अध्यक्षही हसले. वाईट नाही हसले, घरच्यासारखे हसले. मुकादम हसला. बोळातल्या दोन नर्सेस हसल्या आणि कपडे बदलायच्या खोलीत सांगायला पळाल्या. मोठ्या बाई हसल्या नाहीत. त्या खाली बघत होत्या.

"चूक झाली असेल, हरकत नाही," अध्यक्ष म्हणाले. "खालच्या तिघी पुसून घ्या. तिथे आमच्या आईसाहेबांचा फोटो लागायचा आहे. परवा पाहुण्यांच्या हस्ते."

तेव्हा जाऊबाईंनी तोंड उघडलं. उघडायला नको होतं असं नंतर सगळ्यांनी सांगितलं, भाऊजींनीसुद्धा.

"साहेब, सुईण पुसा, धोबीण पुसा. कडेची तेवढी राहू द्या."

"का हो? तीच का?"

"माझी आई आहे ती. ह्या दवाखान्यातच होती. इथेच गेली. तिचा दुसरा फोटो नाही."

मला वाटलं, ह्या माणसाला स्वतःच्या आईचा फोटो लावायचाय, ह्याला कळेल. अध्यक्षांचा चेहरा खरंच मऊ झाला. मग तो हळूहळू बदलला. ते वरच्या रांगेकडे बघू लागले.

"म्हणजे तुम्ही आमच्या भिंतीवर घरची माणसं काढताय?"

"नाही साहेब, बाकीच्या..."

"ही मेट्रन? हिचा फोटो होता?"

"नव्हता."

"मग ही कोण? आत्या का?" हेडक्लार्क मध्ये घुसला. "आणि ती वरची विधवा? मावशी असेल! बघा साहेब, नाक सारखंच दिसतंय. अख्खं माहेर आणून बसवलंय बाईंनी. आपण पाहुण्यांना सांगणार ह्या आमच्या थोर महिला, आणि वर पेंटरबाईंच्या मावश्या!"

जाऊबाई मोठ्या बाईंकडे वळल्या. "बाई, तुम्ही सांगा ना. मी भाचीकडे जाऊन आले, वॉचमनला विचारलं, तुम्हाला रोज येऊन सांगत होते."

मोठ्या बाई म्हणाल्या, "तुम्ही मला हे आधी सांगायला हवं होतं." बोळाच्या टोकाला कुणीतरी कण्हलं. "एक केस आहे," असं म्हणून त्या निघून गेल्या. कण्हणारी बाई पाण्यासाठी उठली होती एवढंच. मला खिडकीतून सगळं दिसत होतं.

"बाई, भावना समजतो मी," अध्यक्ष जाऊबाईंना म्हणाले. "पण संस्थेच्या नावाचा प्रश्न आहे. एकीचं खोटं असलं तर सगळ्यांवर संशय येतो. सगळीच भिंत स्वच्छ करून घेऊ." आणि मुकादमाला सांगितलं, "सहाही काढून टाक. समजलं ना? पूस."

पुन्हा हशा.

ऑइलपेंटवर चुना बसत नाही, आधी खरवडावं लागतं. मुकादम तसा भला माणूस, त्याने जाऊबाईंनाच विचारलं, "बाई, तुम्ही जाणत्या. कुठून सुरू करू?"

"वरून," जाऊबाई म्हणाल्या.

त्याच्याबरोबर शिडी धरायला माणूस नव्हता. फरशी गुळगुळीत, शिडी सरकत होती. तो इकडेतिकडे बघायला लागला, तेव्हा जाऊबाईंनीच पुढे होऊन शिडी धरली. मी खिडकीतून म्हटलं, "जाऊबाई, घरी जा." त्यांनी ऐकलं नाही, की ऐकू आलं नाही, कोण जाणे. पत्र्याने खरवडल्याचा आवाज दाताला लागत होता. पहिली डॉक्टरीण कपच्या कपच्या होऊन त्यांच्या केसांवर पडली. मेट्रनला वेळ लागला, ती घट्ट बसली होती. विधवा बाईचा एक डोळा निघेचना. मुकादमाने त्याच्यावर पटाशी मारली.

खाली उतरल्यावर त्याला पत्रा लागलाच नाही. खालचा रंग ओला होता. त्याने फडकं रॉकेलमध्ये बुडवलं आणि फिरवलं. सुईण धोबिणीवर गेली, धोबीण आयेवर. मग त्याने फडकं उलटं करून आयेच्या तोंडावरून एकच हात ओढला. चेहरा आधी एका बाजूला लांबला, आणि मग गेला. एवढ्यात झालं. उतू गेलेलं दूध पुसायला ह्याहून जास्त वेळ लागतो.

शिडीचं काम संपलं होतं, तरी जाऊबाईंनी ती धरून ठेवली होती.

दोन दिवसांनी तिथे आईसाहेबांचा फोटो लागला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मोठ्या बाईंनी भाषण केलं, बायकांच्या योगदानावर. चांगलं केलं.

घरी जाऊबाईंनी कागद घेतला. मग दुसरा घेतला. मान यायची, खांदे यायचे, फडकं यायचं. तोंड यायचं तेही एका बाजूला लांबलेलं. त्यांनी पाटीवर काढून बघितलं, दाराच्या मागे काढून बघितलं. भाऊजी म्हणाले, "तरी मी सांगत होतो, अक्षरांच्या पलीकडे जाऊ नये." सासूबाई म्हणाल्या, "पूर्वी निदान पाठ तरी दिसत होती तुला. आता तीही घालवलीस." बोलून गेल्या आणि मग स्वतःच चहा टाकायला उठल्या.

मी रोज देवापुढे हात जोडते. देवाला सगळ्यांचे चेहरे पाठ असतात असं मी मानते. एकदा जाऊबाईंना तसं म्हणाले.

"असतील," त्या म्हणाल्या. "पण तो काढून दाखवत नाही."

पुढे त्यांनी कागद आणणं सोडलं. पाट्या चालू राहिल्या, भाऊजी गेल्यावरही, त्यांच्याच सहीने. दवाखान्याचं काम मात्र पुन्हा कधी आलं नाही.

बरीच वर्षं गेली. मी निवृत्त झाले, अध्यक्ष गेले, मोठ्या बाई लेकाकडे परदेशी गेल्या. जाऊबाईंची सून त्याच दवाखान्यात बाळंत झाली, मुलगी झाली. आम्ही दोघी जावा तिच्या कॉटपाशी बसलो होतो. एक तरुण नर्स शिकाऊ मुलीला घेऊन टाके काढायला आली. शिकाऊ मुलगी हातात कात्री घेऊन नुसतीच बघत उभी राहिली.

"अगं काढ की," नर्स म्हणाली. "की पेंटरबाईसारखं चित्र काढत बसतेस?"

शिकाऊ मुलगी हसली. सूनही हसली, मग टाका दुखला म्हणून थांबली. तिला काहीच माहीत नव्हतं. "कोण पेंटरबाई?"

"काय की बाई. आमच्याकडे म्हण आहे ती," नर्स म्हणाली. "होती म्हणे कुणी वेडी. भिंत पुसायला सांगितली तर तिच्यावर चित्रं काढत बसली."

मी जाऊबाईंकडे बघितलं नाही.

"कुणाची चित्रं?" जाऊबाईंनी विचारलं.

"काय माहीत, आजी. कसल्यातरी बायका."

"असं," जाऊबाई म्हणाल्या. आणि हसल्या. नर्स हसली म्हणून माणूस हसतं तेवढंच.

टाके निघाले. नर्सने बाळ उचलून जाऊबाईंच्या मांडीवर ठेवलं. "बघा आजी, कुणावर गेलीय?"

जाऊबाईंनी बाळाच्या तोंडावरचं फडकं बाजूला केलं. बराच वेळ बघितलं. कपाळ बघितलं, ओठ बघितले, बाळ रडायला लागलं तेव्हा रडताना कसं दिसतं तेही बघितलं. इतकी वर्षं मनातल्या मनात मी देवाकडे एकच मागितलं होतं, आणि त्या वेळी मी ते अगदी उघड, हात जोडून मागत होते.

"सगळी हिच्या आईच्या माहेरची आहे," जाऊबाई म्हणाल्या. "आमच्याकडचं काही नाही आलं."

"बरंच झालं की!" नर्स म्हणाली, आणि ट्रे उचलून पुढच्या कॉटकडे गेली.